अकरावा अध्याय आणि पाचवी मिती



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ८.

प्रसंग आपल्याला माहीत आहे. अर्जुनाने विश्वरूप बघायचा हट्ट धरलाय आणि देव तयारही झालेत. मागच्या तीन श्लोकांत ‘बघ, बघ’ असं त्यांनी सांगूनसुद्धा झालं. पण अर्जुनाला काहीच दिसत नाहीये. तेव्हा या श्लोकात देव म्हणतात की तुझ्या या डोळ्यांनी तू मला पाहू शकणार नाहीस, म्हणून मी तुला दिव्य दृष्टी देतो. समोर सगळं आहेच, फक्त बघणाऱ्याकडे ते बघण्याचं साधन नाही. ज्ञानेश्वर माउलींनी हा प्रसंग फार प्रेमाने रंगवलाय. देव उत्साहात दाखवत सुटलेत आणि अर्जुन आपला ढिम्म उभा, ही गंमत त्यांच्या नजरेतून सुटलेली नाही.

आता आपल्या पिढीचं काय होतं सांगू? हा श्लोक वाचला की आपलं डोकं थेट मितींकडे धावतं. ‘म्हणजे विश्वरूप हे वरच्या डायमेन्शनमधलं असणार!’ मलाही हा विचार आवडतो, खोटं कशाला बोलू. दिवाळीत आई दारात रांगोळी काढते, तेव्हा मला नेहमी वाटतं, त्या रांगोळीतल्या मोराला जर जीव असता तर? त्याला लांबी माहीत, रुंदी माहीत. उंची हा शब्दच त्याच्या भाषेत नाही. आता आईने पाच बोटं त्या फरशीवर टेकवली. मोराला काय दिसणार? कुठूनतरी अचानक आलेले पाच वेगवेगळे गोल. ते एकाच हाताचे आहेत हे त्याला कोण सांगणार? विश्वरूपात अर्जुनाला असंख्य हात, असंख्य मुखं, असंख्य डोळे दिसतात. एकच असलेलं काहीतरी आपल्या तोकड्या जगात उतरताना अनेक होऊन दिसत असेल का?

भौतिकशास्त्रात या कल्पनेला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२१ साली थिओडोर कालुझा या जर्मन गणितज्ञाने असा प्रबंध छापला की जगाला आणखी एक मिती मानली तर आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकाच समीकरणातून बाहेर येतात. मग ती मिती दिसत का नाही? १९२६ मध्ये ऑस्कर क्लाइन म्हणाला, ती इतकी बारीक गुंडाळलेली आहे की जाणवतच नाही. लांबून विजेची तार नुसती रेघ दिसते, पण तिच्यावर चालणाऱ्या मुंगीला तिचा घेरही माहीत असतो, तसं. पुढे स्ट्रिंग थिअरीवाले दहा मितींपर्यंत गेले, त्यातले काही अकरापर्यंत. अकरावा अध्याय, अकरा मिती! हे कुणाच्या लक्षात आलं की त्याचं रील झालंच म्हणून समजा.

इथे मी जरा ब्रेक लावतो.

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्यांना बांधकाम चालू असलेल्या स्कीम नवीन नाहीत. ब्रोशरवर स्विमिंग पूल असतो, बाग असते, आणि जागेवर गेलं की खड्डा आणि पत्र्याचं कुंपण. जास्तीच्या मिती सध्या त्या ब्रोशरच्या अवस्थेत आहेत. गणित सुंदर आहे, पण प्रयोगात अजून एकही मिती हाती लागलेली नाही. आणि आपण काय करतो? प्लॅन पास न झालेल्या इमारतीत देवाला फ्लॅट बुक करून देतो. ‘देव पाचव्या मितीत राहतो.’ उद्या प्रयोग म्हणाला की पाचवी मिती नाही, तर देवाला कुठे हलवणार?

आणि असे प्रयोग खरंच होतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची गुरुत्वीय लहर पृथ्वीवर पोचली. टक्कर झाली होती सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेत. त्या टकरीचा रेडिओ प्रकाश चाकणवरून नाशिक रस्त्याने नारायणगावजवळ गेलं की जे खोडद लागतं, तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीनेही टिपला. मुद्दा असा की लहर जितकी दूरून येईल तितकी क्षीण होते. किती क्षीण व्हावी याचा हिशोब तीन मितींसाठी ठरलेला आहे. गुरुत्वाकर्षण जर वाटेत एखाद्या मोठ्या जास्तीच्या मितीत गळत असतं, तर लहर त्या हिशोबापेक्षा मंद यायला हवी होती. तशी ती आली नाही. लहरीवरून काढलेलं अंतर आणि दुर्बिणीने काढलेलं अंतर मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत जुळलं. बारीक गुंडाळलेल्या मितींबद्दल यातून काही कळत नाही, तो प्रश्न उघडाच आहे. पण ‘आपल्या शेजारी एक मोठी मिती आहे आणि सगळं तिकडे आहे’ या कल्पनेच्या वाटेत त्या एका लहरीने चांगलाच अडथळा उभा केला.

दुसरी गोष्ट डॉ. जयंत नारळीकरांची. २० मे २०२५ रोजी ते गेले. आपल्यापैकी बऱ्याच जणांना विज्ञान मराठीतून कळलं ते त्यांच्यामुळे. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी ज्या विश्वाची बाजू मांडली त्याला सुरुवातच नव्हती. स्थिर स्थिती सिद्धांत म्हणतात त्याला. विश्व प्रसरण पावतं, पण जागा रिकामी होईल तसं नवीन द्रव्य तयार होत राहतं, म्हणून ते कायम सारखंच दिसतं. १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या, बिग बँगच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला, त्यात विश्व ठरावीक काळाने थोडं आकसतं आणि पुन्हा फुगतं. बहुमत त्यांच्याबरोबर कधी आलं नाही. पण ते शेवटपर्यंत निरीक्षणांच्या भाषेतच वाद घालत राहिले, श्रद्धेच्या भाषेत नाही.

आता गंमत बघा. बिग बँग मान्य झाला तेव्हा आपण म्हणालो, हेच तर हिरण्यगर्भ! स्थिर स्थिती जिंकली असती तर? आपण म्हणालो असतो, बघा, अनादि-अनंत! आणि आकसणारं-फुगणारं विश्व जिंकलं असतं तर कल्प आणि प्रलय तयारच होते. तिन्ही सिद्धांत एकमेकांचे विरोधक, आणि आपल्या मते तिघेही आमच्याच पोथीतले. ज्या परीक्षेत कोणतंही उत्तर लिहिलं तरी पैकीच्या पैकी मार्क मिळतात, ती परीक्षा आहे का?

ब्रह्मदेवाच्या दिवसाचंही तेच. गीतेच्या आठव्या अध्यायात हजार युगांचा एक दिवस सांगितलाय, पुराणांच्या हिशोबाने तो ४३२ कोटी वर्षांचा होतो. पृथ्वीचं वय ४५४ कोटी. लगेच मेसेज फिरतो, ‘बघा, जवळपास बरोबर!’ पण विश्वाचं वय १३८० कोटी आहे, ते कशाशी जुळवायचं? पुराणांत युग आहे, महायुग आहे, मन्वंतर आहे, कल्प आहे, ब्रह्मदेवाचं अख्खं आयुष्य आहे. आकड्यांची एवढी मोठी पेटी हातात असल्यावर एखादा आकडा कशाशीतरी जुळणारच.

हे मी नास्तिकांच्या बाजूने बोलत नाहीये. मी रोज पाठ करतो, वर्षातून एकदा तरी देहू ते आळंदी पायी चालतो. आमच्या तळवड्याचा आयटी पार्क या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर आहे, त्यामुळे मला काही वेगळा प्रवास करावा लागत नाही. पण माझं रोजचं काम डेटाचं आहे, आणि डेटाच्या माणसाला एक भीती कायम असते : हे जे जुळलंय ते खरंच जुळलंय की मला जुळायला हवं होतं म्हणून जुळलंय?

या भीतीवर गुरुत्वीय लहरीवाल्यांनी फार छान उपाय केलाय, आणि त्यात पुण्याचा हात आहे. लहरीचा सिग्नल इतका बारीक असतो की तो यंत्राच्या खरखरीत पूर्ण बुडालेला असतो. आयुकात डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच मांडलं होतं की अपेक्षित सिग्नलचे नमुने आधी गणिताने तयार करा आणि एकेक नमुना खरखरीवरून फिरवून बघा, कुठे जुळतो ते. तेव्हा लहर सापडायला अजून २४ वर्षं होती! पण नुसता नमुना जुळून भागत नाही. पुढचा प्रश्न असा की निव्वळ खरखरीत, योगायोगाने, हा नमुना किती वेळा जुळला असता? त्यासाठी दोन ठिकाणच्या यंत्रांचा डेटा मुद्दाम मागेपुढे सरकवतात. आता जे काही जुळेल ते खोटंच असणार, ते मोजतात. पहिल्या लहरीच्या वेळी उत्तर आलं की अशी खोटी जुळणी २ लाख ३ हजार वर्षांत एकदाही होणार नाही. तेव्हा कुठे त्यांनी जगाला सांगितलं.

आपणही जुळवतो, पण ही दुसरी पायरी गाळतो.

मग ‘कृष्णविवर’ या शब्दाचं काय करायचं? केवढा मोहक शब्द आहे. काळा विठ्ठल, काळा कृष्ण, आणि जिथून प्रकाशही परत येत नाही ते कृष्णविवर. नारळीकरांची पहिली विज्ञानकथा याच नावाची. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती टोपणनावाने पाठवली होती. आणि याच अध्यायात पुढे अर्जुन बघतो की नद्या समुद्रात शिराव्यात, पतंग दिव्यावर झेपावेत, तसे सगळे योद्धे त्या मुखांत शिरताहेत. मी हे वाचतो आणि अंगावर काटा येतो. येऊ द्यावा. पण कृष्णविवर सिनेमात दाखवतात तसं सगळं ओढून घेत नाही. आपल्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर त्याची त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर भरेल, माझ्या घरापासून ऑफिसच्या गेटपर्यंत. अंधार होईल, थंडी पडेल, पण पृथ्वी आपल्या त्याच कक्षेत फिरत राहील. म्हणजे उपमा एका ठिकाणी लागते आणि दुसऱ्या ठिकाणी सुटते. उपमा असतेच तशी.

आणि आपल्या परंपरेला हे पक्कं ठाऊक आहे! माउली एकेका मुद्द्याला चार-चार दृष्टांत देतात. एक पुरत नाही म्हणून दुसरा, दुसरा पुरत नाही म्हणून तिसरा. त्यांनी कुठलाही दृष्टांत पुरावा म्हणून दिलेला नाही. तो समज उघडण्यासाठी असतो, काम झालं की बाजूला ठेवायचा. माझी रांगोळीही तशीच घ्या. बहुमिती, कृष्णविवर, समांतर विश्व, सगळं दृष्टांत म्हणून खुशाल वापरा. जितका मनसोक्त कल्पनाविलास करायचा तितका करा. फक्त त्याला सिद्धतेचा शिक्का मारू नका. विज्ञानाचा सिद्धांत बदलायलाच जन्माला येतो, तीच त्याची ताकद आहे. बदलणाऱ्या खुंटीला आपली श्रद्धा टांगली की दर दहा वर्षांनी ती उचलून नवीन खुंटी शोधावी लागते. एक दिवस आपल्यातल्याच कुणीतरी हुशार मुलाला हे लक्षात येतं आणि तो खुंटीबरोबर श्रद्धाही फेकून देतो. माझ्या टीममधल्या एकाचं असं झालंय. एका रीलमधला दावा खोटा निघाला आणि त्याने गीता मिटून ठेवली. गीतेत तो दावा नव्हताच.

हा प्रश्न माझ्याही घरात आला. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेराव्यानंतरची रात्र असेल, पाहुणे पांगले होते. आई भांडी लावता लावता म्हणाली, “तू एवढं वाचतोस अरे त्या मितींचं. मग हे कुठल्यातरी दुसऱ्या मितीत असतील का? आपल्याला दिसत नाही, पण आहेत, असं?”

हो म्हणणं किती सोपं होतं. मी इंजिनिअर, मी सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता, आणि त्या रात्री तिला झोपही लागली असती. मी म्हणालो, “आई, विज्ञानात असं काही सापडलेलं नाही. मला माहीत नाही ते कुठे आहेत.” ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “बरं. पांडुरंगाला माहीत असेल.” आणि ओटा पुसायला लागली.

त्या ‘बरं’मध्ये मला जे दिसलं ते सांगायला मी या अध्यायाच्या शेवटाकडे जातो. विश्वरूप बघून अर्जुन आनंदाने नाचत नाही. तो घाबरतो. मग त्याला आठवतं की याच कृष्णाला आपण अरे कृष्णा, अरे यादवा, अरे मित्रा म्हणून हाका मारल्या, थट्टा केली, जेवताना-झोपताना बरोबरी केली. तो क्षमा मागतो, आणि काय मागतो तर पुन्हा तेच नेहमीचं रूप दे. अख्खं ब्रह्मांड दाखवून झाल्यावर भक्ताला त्याचा ओळखीचा सारथीच हवा असतो. देवही लगेच ते रूप घेतात, रागावत नाहीत. आणि मग सांगतात की वेदांनी, तपाने, दानाने, यज्ञाने मी असा दिसत नाही, अनन्य भक्तीनेच दिसतो. त्या यादीत आपण आपल्या काळातली एक-दोन नावं जोडायला हरकत नाही. आईला मितीची गरज नव्हती. तिच्याकडे पांडुरंग होताच. मितीची गरज मला होती, आणि मला आवडतं म्हणून मी तिच्याबद्दल वाचत राहीन.

आता शेवटचं, आणि यातही मी काही सिद्ध करणार नाहीये.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. नामदेव महाराजांची गोष्ट सगळ्यांना पाठ असेल. गोरोबाकाकांनी थापटून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं. मग गुरू शोधत ते औंढ्याला आले, तर विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून आडवे. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. नामदेव जिथे पाय ठेवायला जात तिथे पिंडी.

याच औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी आणि लेसर. त्या नळीच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीपेक्षा शेकडो पट लहान फरक पडला तरी तो मोजायचा. अमेरिकेतल्या दोन यंत्रांना सिग्नल ऐकू येतो, पण तो आकाशाच्या नेमक्या कुठल्या बाजूने आला हे ओळखायला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक कान लागतो. तो कान औंढ्याला.

पहिली लहर सापडली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, एक सूर्याच्या ३६ पट, दुसरं २९ पट. मिळून झालं ६२ पट. उरलेले तीन सूर्य लहरी होऊन निघाले. आपल्या घड्याळात तेव्हा दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली होती, वार सोमवार. गणपती तीन दिवसांवर आले होते. अमेरिकेतल्या यंत्रांना ती ऐकू आली, पण ती काही फक्त अमेरिकेतून गेली नाही. गुरुत्वीय लहरीला भिंत नसते, डोंगर नसतो, अख्खी पृथ्वीही आड येत नाही. ती औंढ्याच्या पिंडीतून गेली, आळंदीच्या समाधीतून गेली, तळवड्यात चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांतून आणि हातातल्या कटिंगमधूनही गेली. आम्हाला कुणालाच कळलं नाही. आमचे डोळे तेव्हाही उघडेच होते.

आईला औंढा आणि तिथून नरसीला, नामदेवांच्या गावी जायचंय. यंत्र तयार होईपर्यंत थांबू या का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “तुझं यंत्र होईल तेव्हा होईल, नागनाथ आत्ता आहे.” तर श्रावण संपला की निघतोय.

उद्या याच अध्यायाचा नववा श्लोक, तिथून संजय बोलायला लागतो.

राम कृष्ण हरी.